परीक्षा आली की मान का धरते?

प्रश्न असा आला आहे: “मॅडम, मी बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव मंगळवेढ्याजवळ, इथे जुळे सोलापुरात कॉट बेसिसवर राहते. गेली तीन सेमिस्टर परीक्षा जवळ आली की मान आणि उजवा खांदा धरतो, डोक्याच्या मागच्या बाजूला ठणकतं. पेपर संपले की आठ दिवसांत बरं वाटायचं. या वेळी सेशनल (कॉलेजची अंतर्गत परीक्षा) होऊन तीन आठवडे झाले तरी दुखतंच आहे. हाताला मुंग्या नाहीत. एक्स-रे काढला, त्यात मानेचा बाक कमी झालाय असं लिहिलंय. मानेला पट्टा लावायला सांगितलाय. आई म्हणते मोबाईलमुळे, रूममेट म्हणते टेन्शनमुळे. पहिल्या वर्षी मी कॉलेजच्या खो-खो टीममध्ये होते, दुसऱ्या वर्षापासून अभ्यासामुळे सोडलं. आता व्यायामाला खरंच वेळ नाही. पट्टा लावू का? आणि आई तिळाच्या तेलाने मालिश करते म्हणते, चालेल का?”

तुझ्याएवढी मुलगी मला आहे, म्हणून अगं-तुगं करते. सोलापुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करायला लागून मला २२ वर्षं झाली आणि वर्षातून दोनदा, दोन्ही सेमिस्टरच्या परीक्षांच्या तोंडावर, माझ्याकडे तुझ्यासारख्या मुलामुलींची रांग लागते. हातात एक्स-रेचं पाकीट, पाठीवर सॅक आणि तोंडात एकच वाक्य, “मॅडम, लवकर बरं करा, पेपर आहेत.”

तुझ्या प्रश्नात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते वाक्य तू जाता जाता लिहिलंस: खो-खो सोडलं. सगळ्यांत कमी महत्त्वाचं वाटलं ते एक्स-रेचं. तू बहुतेक उलटा विचार करत असशील, म्हणून आधी एक्स-रेचं निकालात काढू.

मानेच्या मणक्यांना पुढच्या बाजूला हलका बाक असतो. तो कमी दिसला की रिपोर्टवर तसं लिहिलं जातं. पण काहीही न दुखणाऱ्या कितीतरी लोकांची मानही एक्स-रेत अशीच सरळ दिसते. मशीनसमोर उभं राहताना हनुवटी जरा आत घेतली किंवा दुखतंय म्हणून स्नायू आवळलेले असले, तरी बाक कमी दिसतो. चित्रात दिसतं ते आणि दुखतं ते यांची सांगड किती सैल असते, त्याचा एक चांगला दाखला जपानमधला आहे. तिथे मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, तर ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठे ना कुठे मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दिसली. विशीतल्या मुलामुलींतही दहापैकी सात जणांहून जास्त. ही माणसं धडधाकट होती, रोजची कामं करत होती. म्हणून तुझ्या रिपोर्टवरची ती ओळ म्हणजे आजाराचं नाव नव्हे, ते मानेचं त्या क्षणाचं वर्णन आहे. आणि आता कुणी सहज म्हणून एमआरआय सुचवला तर हात आखडता घे. हातात ताकद कमी झालेली नाही, मुंग्या नाहीत, पडझड नाही, मग त्या पैशात तुझी दोन महिन्यांची मेस भागेल.

पट्टा लावू नकोस. प्रवासात एखाद्या दिवशी फार दुखलं आणि तासभर लावलास तर काही बिघडणार नाही, पण रोज लावून अभ्यासाला बसायचं नाही. ज्या स्नायूंची दमछाक होते म्हणून दुखतंय, त्यांनाच आणखी कामावरून काढून टाकल्यासारखं होतं ते. महिनाभर पट्टा लावलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मान फिरवायलाही घाबरतात. दुखणं तेवढंच राहिलेलं असतं, वर भीती वाढलेली असते.

आता आई बरोबर की रूममेट? रूममेट थोडी जास्त बरोबर आहे, पण आईलाही अर्धे मार्क द्यायला हवेत.

मोबाईलबद्दल एक चित्र सगळ्यांच्या फोनवर फिरून गेलंय. मान ताठ असताना डोक्याचं वजन पाच किलो, ६० अंश वाकवली की म्हणे २७ किलो. ते आकडे २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका सर्जनने संगणकावर गणित मांडून काढले होते. गणित म्हणून ठीक आहे, पण त्यात कुणाची मान दुखली की नाही हे मोजलेलंच नव्हतं. पुढे २०१८ मध्ये ब्राझीलमधल्या १८ ते २१ वयाच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोबाईल पाहताना मान जास्त वाकवणाऱ्यांची मान जास्त दुखते का, हे त्यात पाहिलं आणि तसा संबंध आढळला नाही. याचा अर्थ फोन निर्दोष सुटला असं मी म्हणत नाही. पण दोष मान वाकवण्यात नाही. मान वाकण्यासाठीच दिलेली आहे. दोष एकाच स्थितीत तासन्‌तास तसंच बसून राहण्यात आहे. “सरळ बस” हे वाक्य मीही सुरुवातीची काही वर्षं पेशंटला ऐकवलंय. आता नाही म्हणत. सरळ बसून चार तास न हलणारी मुलगी आणि वाकून चार तास न हलणारी मुलगी, दोघीही संध्याकाळी मान धरूनच उठतात.

हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायकांनी शिकवलं. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे त्याच जास्त यायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची कापलेली पानं, मान खाली, बोटं भराभर चालताहेत. दिवसाला हजार विड्या वळायच्या तर किती तास मान खाली राहत असेल, तूच हिशेब कर. एक बाई तीन वर्षं येत होत्या. बसण्याची पद्धत तीच, जागा तीच, विड्या तेवढ्याच. पण काही महिने त्यांची मान अजिबात दुखत नसे आणि काही महिने उशीवर डोकं टेकवत नसे. मी आपली सूप उंच ठेवा, पाठीला आधार घ्या, असं सांगत राहायचे. एक दिवस त्या स्वतःच मराठीत तेलुगू मिसळत म्हणाल्या, “मॅडम, पोरीचं लग्न ठरलंय. पैसे जमंनात. मान तिथं दुखतीय.” तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर वाचत गेले तसं कळलं, की बाई शरीरशास्त्राच्या दृष्टीने अगदी काटेकोर बोलल्या होत्या.

चिंतेच्या वेळी मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू, आपण काहीही उचललेलं नसताना, हळूच आवळलेला राहतो. लोकांना नुसतं खुर्चीत बसवून अवघड गणितं घातली आणि घाई केली, तरी या स्नायूतली विद्युत हालचाल वाढते. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आवळणं अगदी थोडं असतं, आपल्या लक्षातही येत नाही. मग एवढ्याशा ताणाने दुखावं का? याचं एक स्पष्टीकरण १९९१ मध्ये मांडलं गेलं, त्याला सिंड्रेलाचं, म्हणजे परीकथेतल्या दिवसभर राबणाऱ्या मुलीचं, नाव आहे. मी आपल्या घरातलं उदाहरण देते. एकत्र कुटुंबातली थोरली सून आठव. सगळ्यांत आधी उठणार, सगळ्यांत शेवटी झोपणार. काम हलकं असो की जड, ती उभीच. स्नायूतही असे काही तंतू असतात. हलक्या कामाला तेच पहिले जुंपले जातात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत त्यांची सुटका होत नाही. जड काम आलं तर बाकीचे मदतीला येतात, काम संपलं की सगळेच सुटतात. पण दिवसभर मंद आवळलेल्या स्नायूत या बिचाऱ्या तंतूंना बसायलाच मिळत नाही. तुझ्या उजव्या खांद्यावर बोट दाबल्यावर जिथे कळ जाते ना, तिथे हे गाऱ्हाणं आहे.

म्हणजे दुखणं “मनाचं” आहे का? नाही. “तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस” असं कुणी म्हणालं तर ते अर्धवट ज्ञान समज. दुखणं खरं आहे, स्नायूतलं आहे, फक्त त्याला चावी तीन बाजूंनी दिली जाते. एक बाजू बसण्याची, दुसरी ताणाची. तिसरी बाजू झोपेची. सलग काही रात्री झोप कमी झाली की वेदना जाणवण्याचा उंबरठा खाली येतो. काल जे नुसतं अवघडल्यासारखं वाटत होतं ते आज दुखायला लागतं. नाइट मारून सकाळी पेपरला जाणाऱ्या मुलांचं अंग मोडून येतं ते काही उगाच नाही.

आता खो-खोकडे येते. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे तू पाहिले असशील. पांढरी बाराबंदी, कमरेला पट्टा, त्यात ती उंच जड काठी आणि गर्दीतून वाट काढत चालणं. संक्रांतीच्या दिवशी पहिल्यांदा काठी हातात घेणारा त्यांत कुणी नसतो. आधी कितीतरी दिवस सराव चालतो, रोज थोडं वजन, थोडं जास्त अंतर. शरीर भाराला घाबरत नाही, अचानक आलेल्या भाराला घाबरतं. आणि ज्याची सवय मोडली तो जुना भारही त्याला नवाच वाटतो.

तुझं गणित बघ. पहिल्या वर्षी तू आठवड्यात चार-पाच दिवस पळत होतीस, पाटीवर बसत होतीस, तिथून झटक्यात उठत होतीस. खो-खोइतकी मान फिरवणारा खेळ मला दुसरा सुचत नाही. तेव्हाही परीक्षा होत्याच. दुसऱ्या वर्षी ते सगळं बंद झालं. म्हणजे मानेची, खांद्याची, पाठीची कुवत दर महिन्याला थोडी थोडी उतरत गेली. बाहेरून काहीच दिसलं नाही, कारण रोजचं ओझंही कमी होतं. मग परीक्षेचा महिना आला. बसणं दोन तासांवरून आठ-नऊ तासांवर गेलं, झोप अर्ध्यावर आली, व्हायवाची धास्ती, रेकॉर्ड पूर्ण करायची घाई. उतरलेल्या कुवतीवर चौपट ओझं पडलं आणि पेपर संपताच ते गेलं, म्हणून आठ दिवसांत बरं वाटायचं. या वेळी बरं वाटलं नाही, कारण तीन सेमिस्टर हेच चाललंय आणि मधल्या काळात कुवत परत वाढवायचं कुणी मनावर घेतलं नाही. बहुतेक मुलं अभ्यास वाढला की पहिली कुऱ्हाड मैदानावर घालतात. मग चार महिन्यांनी माझ्या टेबलावर पैसे ठेवतात.

थोडं विषयांतर करते. आमच्या क्षेत्रातली मुलं दरवर्षी यावर प्रोजेक्ट करतात. कॉलेजमध्ये तीन फॉर्म वाटतात: एक ताण मोजायचा, ज्यात दहा प्रश्न आणि ० ते ४० गुण असतात, एक हालचाल मोजायचा आणि एक दुखणं मोजायचा. दुखण्याचा फॉर्म १९८७ साली उत्तर युरोपातल्या संशोधकांनी तयार केला. त्यात शरीराचे नऊ भाग दाखवलेले असतात आणि गेल्या बारा महिन्यांत व गेल्या सात दिवसांत कुठे दुखलं ते विचारतात. माझ्याकडे फॉर्म घेऊन कुणी आलं की मी एकच विचारते: भरून कधी घेणार? परीक्षेच्या आठवड्यात भरून घेतला तर अख्खं कॉलेज आजारी निघेल, गॅदरिंगच्या आठवड्यात घेतला तर सगळे ठणठणीत. दुसरं म्हणजे एकदाच भरलेल्या फॉर्मवरून ताणामुळे दुखलं की दुखण्यामुळे अभ्यास मागे पडून ताण आला, हे सांगता येत नाही. माझा अनुभव म्हणशील तर दोन्ही. ते रहाटगाडगं आहे. कुठूनही हात घातला तरी थांबवता येतं, पण हालचालीच्या बाजूने हात घालणं सगळ्यांत सोपं पडतं.

“वेळ नाही” याचं उत्तर माझ्याकडे तयार आहे. डेन्मार्कमध्ये मान-खांदा वारंवार दुखणाऱ्या १९८ ऑफिसवाल्यांचे तीन गट केले. एका गटाने इलॅस्टिकची पट्टी घेऊन खांद्याचा एकच व्यायाम रोज फक्त २ मिनिटं केला, दुसऱ्याने १२ मिनिटं, तिसऱ्याने काहीच नाही. दहा आठवड्यांनी २ मिनिटंवाल्यांचं दुखणंही १० पैकी जवळजवळ दीड गुणाने उतरलं होतं. १२ मिनिटंवाल्यांचं दोनच्या आसपास. सहापट वेळ दिला तरी फरक अर्ध्या गुणाचा! तेव्हा दोन मिनिटं नाहीत असं मला सांगू नकोस, मेसच्या डब्याची वाट बघण्यात त्याहून जास्त जातात.

तो व्यायाम असा. अर्धा लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या भरून घे. उभी राहा, हात बाजूला सोड, कोपरं अगदी किंचित वाकव. दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर ने, थोडे पुढच्या अंगाला, आणि तेवढ्याच सावकाश खाली आण. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. दमेपर्यंत करत राहायचं, दोन मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात वीसेक वेळा होईल, पुढे सोपं वाटलं की एक लिटरच्या बाटल्या घे. याला जोड म्हणून आठवड्यातून तीनदा सॅक ओढायची. सॅकमध्ये तुझी ती जाडजूड पुस्तकं घाल, डावा हात कॉटवर टेकव, कमरेतून वाक आणि उजव्या हाताने सॅक जमिनीवरून कमरेपर्यंत ओढ, जशी विहिरीतून बादली ओढतात तशी. दहा वेळा उजवीकडून, दहा डावीकडून, असे तीन फेरे. त्यानंतर भिंतीला हात लावून दंड. मुलींना दंड म्हटलं की हसू येतं. खो-खो खेळलेली मुलगी हसणार नाही अशी आशा आहे.

करताना थोडं दुखलं तर थांबू नकोस. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, फक्त ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर यायला हवं. नाही आलं तर वजन कमी कर, व्यायाम बंद करू नकोस. आणि दहा दिवसांत चमत्कार होणार नाही. सहा ते दहा आठवडे धर.

याशिवाय चालणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलं ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल किंवा निम्मा वेळ दमवणारी, आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. १५० मिनिटं म्हणजे पाच दिवस अर्धा तास. तोही एका दमात हवा असं नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात. कॉलेजला जाता-येता एक स्टॉप आधी उतरलीस तरी त्यातला मोठा भाग भरून निघतो. मध्यम श्रम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढे. आपल्या गावात खरी अडचण उन्हाची. उन्हाळी परीक्षांच्या वेळी पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा रात्री जेवणानंतर. एकटीने अंधारात फिरायला तुला सांगणार नाही. रूममेटला घेऊन निघ आणि चालता चालता एकमेकींना व्हायवाचे प्रश्न विचारा. पाठांतर बसून केलं तरच होतं असं कुठे लिहिलंय? सिद्धेश्वर तलावाकडे, पार्क मैदानावर पहाटे जाऊन बघ, हातात नोट्स घेऊन फेऱ्या मारणारी पोलीस भरतीची आणि एमपीएससीची मुलं दिसतील. ती मला उगाच आवडत नाहीत.

बसण्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्याचं स्तोम गरजेपेक्षा जास्त माजलंय. कॉट बेसिसच्या खोलीत टेबल नसतं हे मला माहीत आहे. लोखंडी कॉटवर मांडी घालून, पुस्तक मांडीवर ठेवून अभ्यास होतो. पुस्तक मांडीवर नको, सूटकेस उभी करून किंवा उशीवर पाट ठेवून जरा वर आण. पाठ भिंतीला लाव आणि कमरेच्या पोकळीत सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी ठेव. शेकडो रुपयांच्या लंबर रोलपेक्षा ती चांगली काम देते आणि रात्री पांघरताही येते. अभ्यासिकेत जात असशील तर लिहिण्याचं काम तिथल्या टेबलावर उरक आणि वाचण्याचं खोलीवर. आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने उठ. मोबाईलचा गजर लोक दाबून टाकतात, म्हणून दुसरी युक्ती: पाण्याची बाटली जवळ ठेवायची नाही. पेला लहान घे, भरायला प्रत्येक वेळी उठावं लागेल. पाणी जास्त जाईल, मग आणखी एका कारणाने उठावं लागेलच.

अभ्यासाला बसल्यावर मध्येच एकदा बघ, दात दातांवर घट्ट आहेत का? जीभ टाळ्याला दाबलेली आहे का? खांदे कानांशी गप्पा मारताहेत का? असतील. तेव्हा चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास पडतात. पाच मिनिटं कर. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि श्वास घ्यायला मदत करत बसलेले मानेचे स्नायू थोडा वेळ मोकळे होतात. झोप सात तास, परीक्षेतही. तिथे मी घासाघीस करत नाही.

गोळ्यांबद्दल फार्मसीवालीला मी काय सांगू? तरी सांगते, कारण तुमच्याच मुली सगळ्यांत जास्त गोळ्या खाऊन आलेल्या असतात. मेडिकलमधून घेतलेली दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी, आठ-आठ दिवस, वर उन्हात फिरून अंगातलं पाणी कमी झालेलं. पोटाला आणि मूत्रपिंडाला ते काय करतं हे तुझ्या अभ्यासक्रमात आहे. डॉक्टरांनी दिलेली असेल तर तेवढ्याच दिवसांसाठी घे.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्या तर माझ्याकडे किंवा व्यायामाकडे न येता सरळ डॉक्टरांकडे जायचं. हातातून वस्तू निसटायला लागल्या, मुंग्या दंडातून बोटांपर्यंत जायला लागल्या, चालताना पाय अडखळायला लागले. दुखण्याबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन उतरणं असेल तर मणक्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो, आपल्याकडे तो अजून आहे. ताप, प्रचंड डोकेदुखी आणि मान पुढे वाकेनाशी झाली तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. आणि कंबरदुखीचं एक सांगून ठेवते, तुला नाही तर वर्गातल्या कुणाला उपयोगी पडेल: विशी-पंचविशीतलं पोरगं, कंबर तीन महिन्यांहून जास्त दिवस दुखतेय, पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास अंग लाकडासारखं, आणि विश्रांतीने वाढतं पण हालचालीने कमी होतं. याला परीक्षेचं दुखणं समजू नये. हा सांध्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि तो संधिवाताच्या डॉक्टरांनी लवकर ओळखला तर पुढची बरीच झीज टळते. माझ्याकडे आलेल्या अशा दोन मुलांना आधी दोन-दोन वर्षं “अभ्यासाला बसून दुखतं” असंच सांगितलं गेलं होतं.

ताण खरंच झेपेनासा झाला असेल, म्हणजे झोप पूर्ण उडाली, जेवण जात नाही, रडू येतंय, जगणं नकोसं वाटतंय, तर मान बाजूला ठेव आणि १४४१६ ला फोन कर. टेली-मानस नावाची ही सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. पण कॉट बेसिसच्या खोलीत चौघी राहतात, त्यातली एखादी गप्प असते.

खो-खोबद्दल: टीममध्ये परत जा असं मी म्हणत नाही, तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक मला कळतं. पण खेळायचं ठरवलंस तर उद्याच जाऊन पूर्ण ताकदीने धावू नकोस. दीड वर्षाचा खंड आहे. पहिले दोन आठवडे नुसतं हलकं पळणं, मग आठवड्यातून दोनदा अर्धा तास खेळ. सोलापुरात गणपतीच्या आधी लेझीमच्या सरावाला जाणारी पोरं पहिल्याच रात्री तीन तास खेळतात आणि चौथ्या दिवशी गुडघे धरून माझ्या दारात असतात, त्यांच्या रांगेत तू दिसू नकोस.

आणि आईचं तेल. मालिशने बाक परत येत नाही की स्नायू मजबूत होत नाहीत, पण काही तास आराम पडतो, झोप बरी लागते, आणि आईचा हात मानेवर असताना ट्रॅपेझियस सैल होतो हे मी कुठल्याही मशीनशिवाय सांगू शकते. रविवारी गावी गेलीस की लावू दे तिला. फक्त नंतर पडून राहू नकोस. गरम पाण्याने आंघोळ कर आणि तिच्याबरोबर शेतापर्यंत चालत जाऊन ये. बाटल्या सोबत घेऊन जा, दोन मिनिटं तिच्याकडूनही करून घे, खांदा तिचाही दुखत असणार.